खडीच्या ढिगातून आलेला कायदा

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारच्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या पाच कोटी चार लाख होती. तान्ही पोरे, म्हातारेकोतारे आणि सगळे मुंबईकर धरूनसुद्धा दर दहा माणसांमागे एक माणूस सरकारी मस्टरवर होता. खेडीच धरली तर प्रमाण आणखी चढते. एवढी माणसे एका राज्याच्या हजेरीपटावर आली आणि त्यांचा पगार, उशिरा का होईना, झाला. प्रशासनाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

गावागावात आजही 'बाहत्तरचा दुष्काळ' हे कालगणनेचे साधन आहे. कोणाचा जन्म, कोणाचे लग्न, कोणी मुंबई गाठली, हे सगळे त्याच्या आधीचे की नंतरचे असे सांगितले जाते. खरे तर तो एका वर्षाचा नव्हता. १९७० आणि १९७१ चे पावसाळे राज्याच्या मोठ्या भागात हात आखडून गेले होते. १९७२ चा जवळपास फिरकलाच नाही. सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेतला पट्टा, म्हणजे माण-खटाव, आटपाडी-जत, अख्खा सोलापूर, नगरचा दक्षिण भाग, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके आणि पुढे बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, एरवीही आभाळाकडे डोळे लावून बसणारा. तिथे तिसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. ज्वारी-बाजरीचे पीक हातचे गेले आणि कडब्याअभावी जनावरे दावणीला मरू लागली.

गंमत म्हणजे कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात दुष्काळ पडूच शकत नव्हता. १९६३ साली विधिमंडळाने एक अधिनियम करून राज्यातल्या सगळ्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला होता. कारण असे दिले होते की सरकारचे शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाय होतात, त्यामुळे दुष्काळाला आता वाव उरलेला नाही. कागदावर राहिली ती 'टंचाई'. या अधिनियमाची टिंगल करणे सोपे आहे आणि ती झालीही. पण त्याची दुसरी बाजू अशी की सरकारने स्वतःच्या गळ्यात एक लोढणे बांधून घेतले होते. दुष्काळ पडणार नाही असे कायद्यात लिहून दिले, की माणसे मरू न देण्याची जबाबदारी टाळता येत नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तर आधीच पैज लावली होती. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या, हे त्यांचे १९६५ मधले बोलणे विरोधक विसरू देत नव्हते.

त्याच सुमारास आफ्रिकेत काय चालले होते ते पाहिले की या लोढण्याचे मोल कळते. १९७२-७३ मध्ये इथिओपियाच्या वोल्लो प्रांतातही पाऊस गेला होता. सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने बातमी दाबली. वोल्लोत लोक उपाशी मरत असताना तिथलेच धान्य राजधानी अदिस अबाबाकडे जात होते, कारण ते विकत घेण्याइतका पैसा वोल्लोच्या शेतकऱ्याकडे नव्हता. तिथे हजारो माणसे मेली. १९७३ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर चित्रफीत दाखवली गेली तेव्हा जगाला कळले आणि पुढच्या वर्षी सम्राटांचे तख्त गेले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातही त्याच वर्षांत मोठी मनुष्यहानी झाली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी नंतर या दुष्काळांची तुलना केली. दरडोई धान्याच्या हिशेबात महाराष्ट्राची स्थिती साहेलपेक्षा बरी नव्हती, उलट वाईटच होती, असे त्यांना आढळले. तरीही इथे मृत्यूचे प्रमाण फारसे वाढले नाही.

हे आपोआप घडले नाही, आणि नेहमीच असे घडत होते असेही नाही. याच मुलखात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला, तेव्हा व्हाइसरॉय लिटन यांनी पाठवलेल्या रिचर्ड टेंपल यांनी सरकारी खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामांवरची मजुरी कापली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्यावर काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्यामागे उभे असलेले रानडे यांनी, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारला निवेदनांवर निवेदने धाडली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने अखेर नियमावली केली. टंचाई केव्हा जाहीर करायची, कामे कशी काढायची, मजुरी कशी मोजायची, हे सगळे त्यात आले. १९७२ चे मामलेदार आणि कलेक्टर ज्या नियमपुस्तिकेवर चालत होते तिचे मूळ तिथे आहे. फरक इतकाच की १८७७ मध्ये मजुराच्या पाठीशी सभा होती. १९७२ मध्ये त्याच्या हातात मत होते, आणि आमदाराला परत त्याच गावात यायचे होते.

कामे निघाली ती बहुतेक खडीची. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, त्यावर फाटक्या धडप्याची सावली, हातात हातोडी आणि ठरलेल्या मापाची पेटी. पेटी भरली की मोजणी. निम्म्याच्या आसपास बाया. कुणबी, मराठा, माळी, धनगर, महार, मांग, सगळे एकाच रांगेत. पाच-दहा एकरांचा मालकही खडीवर बसला. ही गोष्ट त्याच्या मनाला किती लागली असेल ते त्या पिढीतल्या माणसालाच विचारावे. मजुरी दिवसाला दोन-तीन रुपये पडायची, कधी त्याहून कमी. दुपारी सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आणलेली लाल मिलो, जनावरांच्या खाद्याची ज्वारी म्हणून लोकांनी नावे ठेवत खाल्ली. तिची भाकरी थापली की मोडायची.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रेशनच्या दुकानातून लोकांच्या गरजेचा लहानसा हिस्साच भागत होता. राज्याबाहेरून खासगी व्यापाऱ्यांनी धान्य आणण्यावर त्या वेळी बंदी होती. मग पन्नास लाख मजूर आणि त्यांची कुटुंबे खात होती काय? द्रेझ यांच्या अभ्यासाप्रमाणे मजुरीचा पैसा हातात आल्यामुळे धान्य, नियम वाकवून का होईना, शेजारच्या राज्यांतून दुष्काळी भागात आलेच. माणसाच्या खिशात पैसा असला की धान्याला वाट सापडते. वोल्लोत नेमका तोच नव्हता. सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हे जे सूत्र मांडले, त्याचा जिता दाखला सोलापूर-नगरच्या रस्त्यांवर आधीच उभा होता.

याचा अर्थ सगळे आलबेल होते असा नाही. माणसे जगली, पण ढोरे गेली, दागिने गेले, जमिनी गहाण पडल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्या फुगल्या. आणि पाणी आटले तेव्हा जात जास्त ठळक झाली. मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या कारणावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार टाकला गेला. त्याच उन्हाळ्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती याच संतापातून. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीमही याच काळातली. बाहत्तरचा दुष्काळ म्हणजे केवळ पाऊस आणि सरकार यांची गोष्ट समजणारे या बाजूकडे काणाडोळा करतात.

शहरांतही शांतता नव्हती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या महागाईविरोधी समितीच्या बायका लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या होत्या. खेड्यांत लाल निशाण, कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्ते मजुरांचे मोर्चे तहसील कचेरीवर नेत होते. आधी मागणी होती मजुरी वेळेवर आणि पुरी द्या एवढीच. हळूहळू ती बदलली. मैलोन् मैल खडीचे ढीग पडले, आणि ती पसरायला रस्ताच नाही असे चित्र दिसू लागले. तेव्हा मजूरच विचारू लागले की एवढ्या हातांनी दगडच का फोडायचे? पाझर तलाव काढा, नाले अडवा, बांधबंदिस्ती करा, म्हणजे पुढच्या वर्षी तरी इथे यावे लागणार नाही. दत्ता देशमुखांसारखे पाण्याची जाण असलेले नेते हेच सांगत होते. या सगळ्या धामधुमीत मला सर्वात मोठी वाटते ती ही मागणी. उपाशी माणूस मजुरीबरोबर कामाचा दर्जाही मागतो, हे नियोजन करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आता वि. स. पागे यांच्याकडे वळायला हवे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे हे गांधीवादी गृहस्थ १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने सभागृह चालवावे, योजना काढू नयेत, असा संकेत. पागे यांनी तो फारसा मानला नाही. योजनांचे कोट्यवधी रुपये खेड्यात येतात, पण भूमिहीन मजुराच्या चुलीपर्यंत पोचत नाहीत, हे त्यांना गावात बसून दिसत होते. १९६५ मध्ये त्यांनी विसापुरात आणि तालुक्यात प्रयोग मांडला. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे त्याने मागावे, आणि सरकारने ते दिलेच पाहिजे. यात निवड करणारा अधिकारी लागत नाही, दारिद्र्याचा दाखला लागत नाही, कारण उन्हात माती उपसायला गरज असल्याशिवाय कोणी येत नाही. कल्पना इतकी सोपी की मोठ्या अर्थतज्ज्ञांना ती सुचली नव्हती.

१९६९ च्या सुमारास काही निवडक भागांत तिची चाचणी झाली आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. लगेच दुष्काळाने तिला गिळले. दुष्काळी कामेच इतकी निघाली की वेगळी हमी उरली नाही. पण दुष्काळाने पागे यांचा मुद्दा सिद्धही करून दिला. एक अख्खे राज्य लाखो लोकांना काम देऊ शकते, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते. प्रश्न एवढाच होता की हे संकट आल्यावरच करायचे की दर वर्षी.

पैसा कुठून आणायचा याचे उत्तर १९७५ मध्ये आले. नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. मोटारी, विक्रीकर, बागायती जमीन आणि शहरांतली बिगरनिवासी जमीन यांवरही रोजगार हमीसाठी जादा कर लागले. जेवढी रक्कम या करांतून जमेल तेवढीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने माण-जतच्या मजुराला काम द्यायचे, असा हा उघड व्यवहार होता. दिल्लीची मदत किंवा परदेशी कर्ज याच्या पायात नव्हते, म्हणून दरवर्षी हात पसरायची वेळ आली नाही. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर. पन्नास मजूर जमले तर नवे काम सुरू. कामावर पिण्याचे पाणी, सावली, पोरांसाठी पाळणाघर. बाईला आणि बाप्याला एकच दर.

मधल्या काळात मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटले, आणीबाणी आली आणि गेली. तरी योजना टिकली. ती सर्वांच्या पुण्याईने टिकली असे मी म्हणणार नाही. शहराला गर्दीची भीती होती, खेड्यात काम मिळाले तर लोंढा थांबेल असे त्याला वाटे. बागायतदाराला उन्हाळ्यात मजूर गावातच राहिलेला हवा होता, आणि पाझर तलावाखालच्या विहिरी त्याच्याच होत्या. मजुराला मजुरी हवी होती. प्रत्येकाचा स्वार्थ निरनिराळा, आणि सगळे एका कायद्यात बसले. गरिबांसाठीची जी योजना फक्त गरिबांच्याच हिताची असते ती अर्थसंकल्पात फार वर्षे टिकत नाही, हे कटू आहे, पण खरे आहे.

याच स्वार्थांनी तिला पोखरलेही. मस्टरवर मेलेल्या माणसांचे अंगठे उमटले. बेकारभत्ता, किमान एक रुपया रोज, कायद्यात राहिला आणि क्वचितच कोणाच्या हाती पडला. १९८८ मध्ये किमान वेतन दुपटीने वाढले तेव्हा कामांची संख्याच घटली. काम मागणारे कमी झाले नव्हते, देणाऱ्याने हात आखडता घेतला होता. हमी या शब्दाला तिथे तडा गेला. सगळ्यात मोठी गोम अशी की भूमिहीनाच्या घामातून जी तळी आणि बांध झाले त्यांचे पाणी जमीनवाल्याच्या विहिरीत उतरले. १९९० नंतर फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली. सोलापूर-नाशिककडची डाळिंबे आणि कोकणातली आंबा-काजूची झाडे यांचा मोठा विस्तार त्यातून झाला. राज्याच्या शेतीला या कार्यक्रमाने जेवढे दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने दिले असेल. पण फळबाग लावायला आधी जमीन लागते.

दुष्काळाने आणखी एक वस्तू दिली, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. त्या काळात खेड्यांत बसवलेले बिडाचे हातपंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेल्या परदेशी पंपांची नक्कल होते. दिवसभर शेकडो घागरी भरू लागल्या की ते मोडत. ख्रिस्ती मिशनच्या विहीर-सेवेत काम करणाऱ्या मंडळींनी जालन्याला आणि सोलापूरला पोलादाचे दणकट पंप बनवले. सोलापूरचा पंप स्वीडिश मिशनच्या ऑस्कर कार्लसन यांचा. त्याच्याच आधारावर युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. हा पंप पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. वोल्लोसारख्या मुलखांना धान्याच्या बोटींनी जेवढा आधार दिला, तेवढाच टिकाऊ आधार या सोलापुरी रचनेने दिला असेल.

पाण्याच्या मालकीचा प्रश्न मात्र फार थोड्यांनी अंगावर घेतला. पुण्याचे कारखानदार-अभियंता विलासराव साळुंखे १९७२ मध्ये पुरंदर तालुक्यात गेले. जिरायती शेतकरी दगड फोडत बसलेले पाहून त्यांनी नायगावच्या देवस्थानाची चाळीस एकर उजाड टेकडी कसायला घेतली. तिथे आणि नंतर आसपासच्या गावांत त्यांनी पाणी पंचायत बांधली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, जास्तीत जास्त पाच माणसांपुरते. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. पागे यांनी कामाचा हक्क दिला, साळुंखे यांनी पाण्याचा. पहिल्याचा कायदा झाला, दुसऱ्याचा झाला नाही. सरकारने पाणी पंचायतीची वाखाणणी केली, पण तिचा नियम सर्व राज्याला लावला नाही, कारण तसे केले असते तर साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या राजकारणाला सुरुंग लागला असता. पुढे हिवरे बाजार या गावाने बोअरवेलचे पाणी शेतीला न वापरण्याचा आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा नियम पाळून दाखवला. गावे अशी मोजकीच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा १९७२ नंतरच्या चव्वेचाळीस वर्षांत काय केले आणि काय टाळले याचा हिशेब मांडून झाला होता.

रोजगार हमीची कल्पना मात्र राज्याबाहेर गेली. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात त्याची सुरुवात झाली. तेव्हा त्याचा आराखडा बराचसा महाराष्ट्राचाच होता. पंधरा दिवसांची अट, बेकारभत्ता, अकुशल मजुरीचे प्रमाण, पाळणाघर, सगळे विसापूर ते विधान भवन या वाटेने आलेले. जगातल्या अनेक देशांचे अभ्यासक हे पाहायला आले. विकसनशील म्हणवणाऱ्या देशाने इतरांना शिकवण्यासारखी ही एक गोष्ट केली, तीही परक्याचा सल्ला न घेता.

तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर तुमच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असेल. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. ती ओळ १९७२ च्या खडीच्या ढिगांतून आली आहे. विधिमंडळाची रोजगार हमी समिती आजही आहे आणि तुमचा आमदार तिचा सदस्य असू शकतो. या कराचे यंदा काय झाले आणि आपल्या तालुक्यातल्या किती पाझर तलावांत मे महिन्यात पाणी असते, ते कोणाचा पंप उपसतो, हे त्याला एकदा पत्र लिहून विचारा.